नुसतं ‘छान’ पुरत नाही

प्रश्न : बायकोने बढतीची बातमी सांगितली. मी ‘छान’ म्हणालो आणि पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घातलं. ती दुखावली. खरं तर मला फार आनंद झाला होता, पण बोलून दाखवायची सवयच नाही. काय करू?

उत्तर : आनंद झाला, पण तो तिला दिसला नाही. मानसशास्त्रज्ञ शेली गेबल आणि सहकाऱ्यांच्या 2004च्या अभ्यासात, चांगल्या बातमीला जोडीदार उत्साहाने दाद देतो का, याचा नात्यातल्या समाधानाशी संबंध आढळला. कोरडं ‘छान’ त्यात बसत नाही. ‘आता ताण वाढणार’ हेही नाही, आणि आपल्याकडे ते काळजीपोटी सर्रास बोललं जातं! भाषण नकोच. मोबाइल बाजूला ठेवून विचारा : कळलं कसं? साहेब काय म्हणाले? तुला काय वाटलं? मग मध्ये न तोडता ऐका. बातमी अजून शिळी झालेली नाही, आज जेवताना विचारलंत तरी चालेल.