पान्याचा जोर

मारुती ८०० ला कार्ब्युरेटर होता, तेव्हा घरी ट्यूनिंग करणाऱ्याला खरंच काही करायला असायचं. डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडायचं, पॉइंट पॉलिश पेपरने घासायचे, फटीत फिलर गेज घालून बघायचं आणि मग आयडलिंगचा स्क्रू आत-बाहेर करत इंजिनाला कान लावून बसायचं. २००० च्या आसपास इंजेक्टरने पेट्रोल सोडणारी एमपीएफआय इंजिनं आली आणि हा खेळ संपला. पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी कधी टाकायची, हे आता ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर ठरवतो. आपल्या हाती उरलं ते बघणं, पुसणं आणि बदलणं: प्लग, एअर फिल्टर, ऑइल, कूलंट, बॅटरीची टर्मिनलं. कोल्हापुरात आमच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये मी माझ्या जुन्या अल्टोचं हे काम स्वतःच करतो. यूट्यूब बघून कुणालाही जमेल असं ते आहे. पण हे काम अज्ञानापेक्षा जोरामुळे जास्त बिघडतं, असं माझं मत झालंय, आणि त्याला कारण आहे.

गाडी सेकंड हँड घेतली, तेव्हा पन्हाळ्याच्या चढाला मिस मारायची. आधीच्या मालकाने सर्व्हिसिंगचं ताजं बिल दाखवलं होतं, त्यात तीन नवे प्लगही होते. म्हणून मी आधी पेट्रोलवर संशय घेतला, मग वायरींवर. शेवटी प्लग काढायला बसलो. कडेचे दोन सुरळीत निघाले. मधल्याला पाना लावला, अर्धा फेरा सैल झाला आणि पुन्हा घट्ट. कोरडा, करकरता आवाज. प्लग एकदा सुटला की बोटांनी फिरायला हवा. हा सुटल्यावरही अडत होता. पान्याच्या आडव्या दांड्याला, म्हणजे टॉमीला, पाइप लावून ओढायचा मोह अशा वेळी फार होतो. मी पाना खाली ठेवला आणि ओळखीच्या मिस्त्रींना फोन केला.

त्यांनी गंज सोडवणारं तेल मारलं, थोडा वेळ जाऊ दिला आणि मग पाव फेरा सैल, थोडा परत घट्ट, असं करत तो प्लग बाहेर आणला. आट्यांमध्ये चकचकीत ॲल्युमिनियमचा कीस अडकला होता. "सर, वाकडा घुसवलाय बघा हा. हातानं न लावता डायरेक्ट पान्यानं." प्लगचे आटे पोलादाचे, हेड ॲल्युमिनियमचं. दोघांची झटापट झाली की हेडच हरणार. वाकड्या प्लगच्या कडेने कॉम्प्रेशन निसटत होतं आणि गाडी चढाला दम टाकत होती.

पुढचं काम बघण्यासारखं होतं. त्यांनी नवे आटे पाडायच्या टॅपच्या खाचा ग्रीसने गच्च भरल्या, म्हणजे कापला जाणारा कीस ग्रीसला चिकटतो, सिलिंडरमध्ये पडत नाही. दोन फेरे फिरवायचे, टॅप बाहेर काढायचा, पुसायचा, पुन्हा ग्रीस भरायचं. मग नव्या आट्यांत स्टीलच्या तारेचं वेटोळं बसवलं, ज्याला हेलिकॉइल म्हणतात. शेवटी प्लगच्या भोकातून हवा मारून घेतली. मी पाइप लावून ओढलं असतं, तर हेड उतरवून उद्यमनगरात लेथवर न्यावं लागलं असतं, आणि हेड उतरलं की हेड गॅस्केट, कूलंट, मजुरी सगळंच आलं. ज्या गॅरेजने ते प्लग बसवले होते, त्यांनी फोनवर "आमच्याकडून गाडी ओके गेली होती" एवढंच सांगितलं.

तर प्लग. इंजिन पूर्ण थंड असल्याशिवाय हात लावू नका; गरम ॲल्युमिनियममधून प्लग काढताना आटे सोबत येऊ शकतात. वायर ओढताना वायर धरू नका, तिच्या टोकाचा रबरी बूट धरा. एका वेळी एकच वायर काढा आणि तो प्लग बसवून झाल्यावरच पुढच्याकडे वळा. तिन्ही एकदम काढल्या आणि क्रम चुकला, तर इंजिन थडथडतं आणि माणूस भलत्याच ठिकाणी बिघाड शोधत बसतो. काढण्याआधी प्लगच्या खळग्यात सायकलच्या पंपाने हवा मारा. तिथे साचलेली वाळू प्लग निघाल्यावर थेट पिस्टनवर पडते.

लावताना माझ्याकडे एक रबरी नळीचा तुकडा असतो, इंधनाच्या जुन्या पाइपचा. तो प्लगच्या वरच्या चिनी मातीच्या टोकावर बसवायचा आणि नळीनेच प्लग फिरवायचा. प्लग सरळ असेल तर सुरसुर आत जातो. वाकडा असेल तर नळी जागच्या जागी फिरते, जोर पोचतच नाही. हाताने टेकेपर्यंत गेला की मगच पाना. वायसरचा नवा प्लग असेल तर तिथून साधारण अर्धा फेरा, जास्तीत जास्त दोन तृतीयांश. जुनाच प्लग परत लावत असाल तर वायसर आधीच दबलेला असतो, जेमतेम घट्ट केला की झालं. टॉर्क रेंच असेल तर मॅन्युअलमधला आकडा पाहा. या जाडीच्या प्लगला तो २५ न्यूटन मीटरच्या आसपास असतो. फटीचा आकडाही मॅन्युअलमधलाच घ्या, दुसऱ्या गाडीचा नको. सीएनजी गाडीत ही फट बऱ्याचदा कमी ठेवतात.

काढलेले प्लग लगेच टाकू नका. सिलिंडरच्या क्रमाने कागदावर मांडा. टोक फिक्या विटकरी किंवा राखाडी रंगाचं असेल तर इंजिन ठीक चाललंय. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी, अनेकदा नुसता चोंदलेला फिल्टर. ओलं, तेलकट काळं असेल तर रिंग किंवा व्हॉल्व्ह सीलमधून ऑइल वर येतंय. प्लग बदलून ते बरं होणार नाही. पांढरं, फोड आल्यासारखं टोक म्हणजे इंजिन तापतंय. मिस मारणारी गाडी तशीच चालवत राहू नका, कारण न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या पाइपमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि तो तापून खराब होतो. प्लगच्या तुलनेत त्याची किंमत विचारूच नका.

ऊस गाळपाच्या हंगामात आमच्याकडच्या रस्त्यांवर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची धूळ एवढी असते, की एअर फिल्टर पुस्तकात लिहिलेल्या किलोमीटरच्या आधीच बघावा लागतो. कागदी फिल्टर धुवायचा नाही. आतल्या, स्वच्छ बाजूने हलकी हवा मारायची. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरचा पूर्ण झोत लावला तर कागदाला बारीक भोकं पडतात. डबा उघडलाच आहे तर उंदराच्या लेंड्या आणि कुरतडलेल्या वायरी बघून घ्या. बॉनेटमध्ये तंबाखूची पुडी ठेवायला आमचे शेजारी सांगतात. मी ठेवली होती. उंदरांचं काही अडलं नाही.

ऑइल बदलायचं तर गाडी वर घ्यावी लागते, आणि इथे माझा सूर बदलतो. डिकीतला जॅक चाक बदलण्यासाठी आहे. नुसत्या त्याच्या भरवशावर, किंवा विटा रचून, गाडीखाली अंग घालायचं नाही. सपाट जागा, मागच्या चाकांना दगड, हँडब्रेक, आणि दोन दणकट जॅक स्टँड. हे नसेल तर ते काम गॅरेजला द्या. त्यात कमीपणा नाही. ऑइल काढल्यावर जुना फिल्टर हातात घेऊन त्याची रबरी रिंग त्याच्यासोबत आली का, हे डोळ्यांनी बघा. ती इंजिनलाच चिकटून राहिली आणि तिच्यावर नवा फिल्टर चढवला, तर गाडी सुरू होताच ऑइल दाबाने बाहेर पडतं. नव्या रिंगला बोटाने ऑइल लावा आणि फिल्टर हातानेच घट्ट करा. डिपस्टिकवर वरच्या खुणेपुढे "थोडं जास्त असू दे" म्हणून ओतू नका. जास्तीचं ऑइल क्रँकशाफ्ट घुसळतो, त्याला फेस येतो आणि दाब पडतो.

बॅटरीची आधी निगेटिव्ह तार काढा, लावताना ती शेवटी लावा. नाहीतर पॉझिटिव्ह सोडवताना पाना बॉडीला टेकला की ठिणग्यांचा सडा. हातातलं धातूचं घड्याळ आणि अंगठी आधी काढून ठेवा. टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर खाण्याचा सोडा आणि कोमट पाण्याने निघतो. रेडिएटरचं झाकण गरम इंजिनावर उघडू नका, चिंधी धरूनसुद्धा नको. कूलंटमध्ये बोअरचं पाणी घालायचं नाही, क्षार आत साचतात. इंजिन बंद असलं तरी रेडिएटरचा पंखा कधी कधी स्वतःहून सुरू होतो, तेव्हा बोटं, ओढणी, गळ्यातली साखळी लांब ठेवा.

टायमिंग बेल्ट, ब्रेक, एसीचा गॅस आणि सीएनजी किटमधलं काहीही, याला मी हात लावत नाही. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असलेल्या नव्या गाड्यांचा थ्रॉटल बॉडीसुद्धा नको. बोटाने पाकळी ढकलली की आतली मोटर बिघडू शकते, आणि साफ केल्यावर आयडलिंग नीट बसवायला बऱ्याचदा स्कॅनर लागतो.

काढलेलं काळं ऑइल गटारात ओतू नका. काही जण ते वाळवी लागू नये म्हणून लाकडाला फासतात, तेही नको. २०१६ च्या नियमांनुसार वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं. नव्या ऑइलच्याच रिकाम्या कॅनमध्ये ते भरा, वर "जुनं ऑइल" लिहा आणि गॅरेजमध्ये नेऊन द्या. त्यांच्याकडे ते साठवायचं पिंप असतं, रीसायकलवाले तिथून घेऊन जातात.