रविवारचं डिझाइन



इंजिनीअरिंगच्या चार वर्षांत आठ सेमिस्टर येतात, हे आपल्याला तोंडपाठ असतं. पण त्याच चार वर्षांत साधारण दोनशे रविवार येतात, हे कुणी मोजत नाही. सुट्टीत घरी घालवलेले वजा केले तरी दीडशेच्या आसपास उरतात. या दीडशे रविवारांचं काय करायचं, हे कुठल्याच सिलॅबसमध्ये नाही. मी आता शेवटच्या वर्षाला आहे. मुंबईत हॉस्टेलवर राहून जे थोडंफार कळलं, ते मागून येणाऱ्यांच्या उपयोगी पडावं, म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी प्रश्न नीट मांडू. शनिवारी संध्याकाळी कुठल्याही विंगमध्ये एक फेरी मारा. एका खोलीत चार जण तयार होताहेत, डिओचा वास पार जिन्यापर्यंत. शेजारच्या खोलीत एक जण पांघरूण ओढून पडलेला. "येतोस का रे?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं. "नाही यार, सबमिशन आहे." किंवा "डोकं दुखतंय." किंवा "मला ते मॉल-बिल आवडत नाही."

आता यातली काही सबमिशनं खरी असतात, पण सगळी नाही. ज्याला घरून महिन्याचे मोजके पैसे येतात आणि मेसचं बिल, झेरॉक्स, रिचार्ज भागवून हातात जेमतेम काही उरतं, त्याचा महिन्याचा हिशोब एका सिनेमात आणि नंतरच्या पिझ्झ्यात संपतो. "पैसे नाहीत" हे चार जणांसमोर म्हणणं अवघड. "सबमिशन आहे" म्हणणं सोपं. असं तीनदा झालं की चौथ्यांदा त्याला कुणी विचारतच नाही. वाईट कुणाच्याच मनात नसतं. पण दिवाळीपर्यंत ग्रुप पक्के होतात, आणि तो मुलगा सव्वा कोटी माणसांच्या शहरात एकटा पडतो. त्याच्या घरचे फोनवर विचारतात, "मुंबई बघितलीस का?" तो म्हणतो, "हो, बघितली की."

बरं, "चल, तुझे मी भरतो" हा यावरचा उपाय आहे का? एकदा ठीक. दुसऱ्यांदा तो संकोचतो. तिसऱ्यांदा तो मित्र आपणहून टाळायला लागतो. दुसऱ्याच्या पैशावर कायम हसत-खेळत राहता येत नाही, हे ज्याने अनुभवलंय त्याला वेगळं सांगायला नको.

मग करायचं काय? उत्तर आपल्याच अभ्यासक्रमात आहे.

डिझाइनचं तत्त्व

साखळीवर किती भार टाकायचा, हे तिच्या सर्वांत कमी ताकदीच्या कडीवरून ठरतं. पुलाचं डिझाइन करताना आपण सरासरी वाहन धरत नाही, सर्वांत वाईट परिस्थिती धरतो आणि वर फॅक्टर ऑफ सेफ्टी ठेवतो. रविवारचंही तसंच. ग्रुपमधल्या सरासरी खिशावर बेत आखू नका. ज्याच्या खिशात महिनाअखेरीस सर्वांत कमी असेल, त्याला न विचारता, न सुचवता परवडेल असा बेत आखा. मग कुणालाच सबमिशनची सबब सांगावी लागत नाही.

आणि या बाबतीत मुंबई मोठ्या मनाची आहे. इथल्या पाहण्यासारख्या कितीतरी गोष्टी फुकट आहेत किंवा लोकलच्या तिकिटात होतात. सेकंड क्लासचं किमान तिकीट आजही ५ रुपये आहे.

प्रात्यक्षिक १ : सीएसएमटी ते मरीन ड्राइव्ह

निघण्यापूर्वी एक काम करा. रेल्वेचा रविवारचा मेगाब्लॉक बघा. साधारण सकाळी अकरा ते दुपारी चारच्या दरम्यान मध्य आणि हार्बर मार्गावर ठरावीक पट्ट्यात गाड्या बंद किंवा वळवलेल्या असतात. (पश्चिम रेल्वे त्यालाच जम्बो ब्लॉक म्हणते.) लोक वैतागतात. पण रूळ, सिग्नल, डोक्यावरची विजेची तार यांची देखभाल गाड्या धावत असताना करणार कशी? इलेक्ट्रिकलवाल्यांसाठी खास माहिती : भारतातली पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी याच स्टेशनातून कुर्ल्यापर्यंत धावली, १५०० व्होल्ट डीसीवर. आता मुंबईच्या लोकल २५ हजार व्होल्ट एसीवर धावतात. पश्चिम रेल्वेवर हा बदल २०१२ मध्ये पूर्ण झाला, हार्बरवर २०१६ मध्ये. रोज लाखो माणसं नेत-आणत हे काम झालं, आणि त्यात अशा ब्लॉकचा मोठा वाटा होता.

तर सकाळी नऊपर्यंत सीएसएमटीला उतरा. १८७८ मध्ये काम सुरू होऊन दहा वर्षांत उभी राहिलेली ही इमारत एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांनी आखली. २००४ मध्ये ती जागतिक वारसा यादीत गेली. रस्ता ओलांडून मागे वळून बघा. समोरच्या महापालिकेच्या इमारतीचे वास्तुविशारदही तेच.

तिथून चालत हुतात्मा चौक. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला, त्याआधी संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ज्यांनी प्राण दिले त्यांचं हे स्मारक. शेजारी १८६४ चं फ्लोरा फाउंटन. पाच मिनिटं शांत उभं राहायला हरकत नाही.

पुढे काळा घोडा. तिथे १९५२ पासूनची जहांगीर आर्ट गॅलरी. प्रवेश फुकट. चित्रातलं काही कळत नसलं तरी जा. कळत नाही असं मोकळेपणाने म्हणणारे चार जण एकत्र असले, की चित्रावर फार चांगली चर्चा होते!

मग ओव्हल मैदान. सिव्हिलवाल्यांनो, इथे अर्धा तास हवा. मैदानाच्या पूर्वेला विद्यापीठ, हायकोर्ट आणि १८७८ मध्ये पूर्ण झालेला राजाबाई टॉवर : दगडी बांधकाम, जाड भिंती, कमानी, भार भिंतींवरून खाली जाणारा. पश्चिमेला १९३० च्या दशकातल्या आर्ट डेको इमारती : आरसीसी, गोलाई घेतलेल्या बाल्कन्या, खिडक्यांवर भुवयांसारखे छज्जे. दगडापासून सिमेंट-काँक्रीटपर्यंतचा सगळा प्रवास एका मैदानाच्या दोन काठांवर उभा आहे. २०१८ मध्ये हे दोन्ही काठ मिळून जागतिक वारसा ठरले. मधोमध रविवारच्या क्रिकेटच्या इतक्या मॅच चालू असतात, की कुठला बॉल कुणाचा हे खेळणाऱ्यांनाच माहीत.

शेवटी चर्चगेटवरून मरीन ड्राइव्ह. समुद्रात भराव घालून मिळवलेल्या जमिनीवरचा हा रस्ता. कठड्यापलीकडचे चार पायांचे काँक्रीटचे ठोकळे म्हणजे टेट्रापॉड. ते एकमेकांत अडकून बसतात. लाट त्यांच्या फटींतून शिरते, फुटते आणि तिचा जोर तिथेच जिरतो. सरळ भिंतीवर ती आपटली असती. मात्र हे ज्ञान कठड्यावर बसूनच घ्यायचं. टेट्रापॉडवर उतरायचं नाही, पावसाळ्यात तर मुळीच नाही.

एकूण चाल साधारण तीन किलोमीटर. खर्च : लोकल, वडापाव, चहा. इथे एक छोटी युक्ती सांगतो. वर्गणी निघण्यापूर्वी ठरवा आणि एकाच्या हातात द्या. पन्नास म्हणजे पन्नास. वाटेत कुणाला काही महागडं खावंसं वाटलं तर ते परतल्यावर, आपापलं. हिशोब शेवटी फोनवर वाटून घ्यायचा, ही पद्धत सोयीची खरी. पण आकडा आधी माहीत नसल्याने ज्याचे पैसे मोजके आहेत त्याचं लक्ष दिवसभर त्या हिशोबातच राहतं.

प्रात्यक्षिक २ : कान्हेरी

महिन्यातून एकदा शहराबाहेर पडल्यासारखं वाटायला हवं असेल, तर शहराच्या आतच जा. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीची लेणी आहेत. बेसॉल्टच्या डोंगरात कोरलेली, शंभरहून अधिक. इसवीसनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमारास सुरुवात झाली आणि काही शतकं काम चालू होतं. इतक्या भिक्षूंना डोंगरावर पाणी कुठून मिळायचं? खडकात कोरलेले पाट बघा. पावसाचं पाणी त्यांतून वाहत लेण्यांजवळच्या टाक्यांत साठायचं. या टाक्यांना शिलालेखात पोढी म्हणतात. रेनवॉटर हार्वेस्टिंगचं प्रोजेक्ट करणाऱ्यांनी एकदा बघाच.

उद्यानाचं आणि लेण्यांचं तिकीट वेगवेगळं असतं, तेवढं वर्गणीत धरा. सोमवारी बंद. पाण्याच्या बाटल्या न्या. आणि डबा मात्र माकडांपासून सांभाळा!

पैशाखेरीज दोन गोष्टी

एक, वेळ. पुष्कळ ठिकाणी मुलींच्या हॉस्टेलचं गेट मुलांच्या आधी बंद होतं. ते योग्य की अयोग्य हा वाद स्वतंत्र, आणि तो घालायलाच हवा. पण तोवर बेत गेटच्या वेळेत बसणारा हवा. "तुम्ही पुढे जा, आम्ही थांबतो" हे वाक्य दर रविवारी ऐकणाऱ्या मैत्रिणी काही दिवसांनी येणंच बंद करतात. म्हणून सकाळी लवकर निघा, उजेडी परत या.

दोन, भाषा. आपल्यात मालवणचा आहे, जळगावचा आहे, चंद्रपूरचा आहे, तसाच पाटण्याचा नि कोचीचाही आहे. विनोद झाला की तो त्याला हिंदीत सांगा, भले निम्मा विनोद वाटेत सांडला तरी. आणि त्यालाही महिन्याला दहा मराठी शब्द शिकवा. सुरुवात शिव्यांपासूनच होते, पण तिथेच थांबू नका!

सरांना आणि मॅडमना एक विनंती

पुष्कळ हॉस्टेलांत रविवारी रात्री मेस बंद असते. स्वयंपाक्यांना सुट्टी हवीच, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या रात्री काही जण हॉटेलात जातात आणि काही जण बिस्किटाच्या पुड्यावर झोपतात. कोण बिस्किटावर झोपतं, हे विचारून कळणार नाही. उपाय महाग नाही : विंगच्या मुलामुलींनी पाळीपाळीने खिचडी टाकावी, रेक्टरांनी मेसची शेगडी आणि एक मोठं पातेलं वापरू द्यावं. खिचडी, पापड, लोणचं. कमी जणांना येत असेल तर शिकतील. थर्मोडायनॅमिक्सचा पेपर देणाऱ्याला कुकरच्या शिट्ट्या मोजता यायलाच हव्यात.

आणि ज्यांची मावशी-आत्या डोंबिवलीला, ठाण्याला किंवा विरारला आहे, त्यांना एक हक्काची सूचना. पुढच्या वेळी जाताना एखाद्या मित्राला बरोबर न्या. मावशी दोन पोळ्या जास्त लाटेल आणि खुश होईल. घरचं जेवण आणि कुणीतरी "अजून वाढू का रे?" असं विचारणं, याची किंमत मेसच्या दर्दी माणसाला सांगायला नको.

नोकरी लागली की शनिवार-रविवार पुन्हा येतीलच, पैसेही येतील. पण ही माणसं तेव्हा एका विंगमध्ये नसतील. म्हणून या शनिवारी बेत ठरवताना आधी ती पांघरुणाखालची खोली ठोठवा, आणि जागा मग ठरवा. "पन्नास रुपये, सकाळी आठ, गेटवर" एवढंच सांगा. सबमिशन रात्री सगळे मिळून करू!