जंजिऱ्याला जाताय? खोकरीलाही थांबा

सुट्टी लागली की भिवंडीतले बरेच पालक मुलांना घेऊन मुरुडला जातात. राजपुरीहून शिडाच्या होडीत बसायचं, जंजिऱ्यात कलालबांगडी तोफेजवळ फोटो काढायचा अन् परत. सिद्दी मुलांना माहीत असतो तो चौथीच्या पुस्तकातला, महाराजांचा शत्रू म्हणून. तेवढाच.

माझ्या वर्गात एकाने विचारलं, "बाई, सिद्दी कुठले हो?" मी "परदेशातले" म्हणून वेळ मारून नेली. घरी येऊन मग वाचत बसले.

सिद्दी मूळचे आफ्रिकेतले. जंजिऱ्याच्या सिद्दींना हबशी म्हणत, म्हणजे आजच्या इथिओपियाकडचे. आफ्रिकेतून कित्येकजण गुलाम म्हणून विकले जाऊन इकडे आले. मलिक अंबरही लहानपणी असाच विकला गेला होता. पुढे निजामशाहीचा सगळा कारभार त्याच्या हाती आला! जंजिरा संस्थान तर १९४८ साली विलीन होईपर्यंत सिद्दी नवाबांकडेच होतं. आणि ही माणसं केवळ इतिहासात नाहीत बरं का. उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्दींच्या वस्त्या आहेत, तिथले कितीतरी सिद्दी घरात कोकणी बोलतात.

शत्रुत्व होतंच, ते मुलांपासून लपवू नका. पण राजपुरीजवळ खोकरीला सिद्दी सरदारांच्या घुमटाच्या दगडी कबरी आहेत, तिथे थोडं थांबा. जगाचा नकाशा सोबत न्या. इथिओपियापासून राजपुरीपर्यंत समुद्रातून बोट फिरवायला सांगा. मग विचारा, "तुझ्याएवढ्या मुलाला कुणी असं विकून इतक्या लांब आणलं, तर घरची कुठली गोष्ट तो विसरणार नाही?"