अनोळखी क्लॅम्पची ओळख कशी पटवावी

अजिंठा, ता. सिल्लोड,
जि. छत्रपती संभाजीनगर



जुन्या बाजारातून आणलेल्या वर्कशॉपच्या हत्यारांपैकी क्लॅम्प, म्हणजे काम चालू असताना वस्तू जागची हलू नये म्हणून तिला दाबून धरणारे साधन, ओळखायला सर्वांत अवघड असते, कारण ज्या वस्तूसाठी ते घडवलेले असते ती वस्तू त्याच्याबरोबर भंगारात येत नाही. चिकलठाणा आणि वाळूज येथील औद्योगिक वसाहतींसारख्या ठिकाणी, जेथे वाहनांचे सुटे भाग बनतात, तेथे मॉडेल बदलले की जुने फिक्स्चर, म्हणजे वेल्डिंग करताना भाग नेमक्या जागी धरून ठेवणारा सांगाडा, मोडीत निघते आणि त्यावरचे क्लॅम्प किलोच्या भावाने विकले जातात. असे साधन हाती आले की त्याचे नाव शोधण्याची घाई न करता त्याने काय धरले असावे आणि जोर कोणत्या दिशेने सोसला असावा, हे आधी ठरवावे. नाव त्यामागून येते.

या विचारपद्धतीचा उत्तम धडा अजिंठ्याच्या लेण्यांतच मिळतो. तेथील नवव्या आणि दहाव्या लेण्यांच्या, म्हणजे स्तूप असलेल्या चैत्यगृहांच्या, कमानदार छताला एकेकाळी लाकडी फासळ्या बसवलेल्या होत्या. त्या आज नाहीत, परंतु दगडात राहिलेल्या खुणा आणि कार्ल्याच्या चैत्यगृहात अजून जागेवर असलेल्या फासळ्या एकत्र पाहिल्या म्हणजे त्या खुणांचे प्रयोजन स्पष्ट होते. अमेरिकन कलेतिहासकार वॉल्टर स्पिंक (१९२८–२०१९) यांनी तर दारांच्या फळ्या फिरण्यासाठी दगडात कोरलेली भोके आणि खाचा बारकाईने तपासून, दार बसवण्याची रीत कशी बदलत गेली यावरून, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातील लेण्यांचा क्रम लावण्याचा प्रयत्न केला. त्यांच्या कालक्रमाविषयी विद्वानांत मतभेद असले, तरी नाहीशी झालेली वस्तू तिला धरणाऱ्या जागेवरून ओळखता येते, हे त्यांच्या पद्धतीचे तत्त्व कारागिरालाही तितकेच उपयोगी आहे.

क्लॅम्पच्या बाबतीत ही जागा म्हणजे जबडा, आणि म्हणून पाहणीची सुरुवात तेथूनच करावी. जबड्यावर कानशीसारखे दाते असतील, तर धरलेल्या वस्तूवर ओरखडे उमटले तरी चालत होते, असे समजावे; उलट तेथे कातडे, बूच किंवा लाकूड लावलेले असेल, तर वस्तू नाजूक किंवा तयार पृष्ठभागाची होती. इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराची दातेरी खाच गोल पाइपासाठी असते. लांब, पातळ आणि सरळ जबडे, जे केवळ वरच्या काठाशी एकमेकांना भिडतात, ते बहुधा हातकरवतीला धार लावताना तिचे पाते थरथरू नये म्हणून केलेले असतात. दोन पट्ट्या मिटल्यावर त्यांच्यामध्ये लहानमोठ्या गोल भोकांची ओळ तयार होत असेल आणि प्रत्येक भोकाचा काठ एका बाजूने उतरता असेल, तर ते फ्रिजच्या कामातील तांब्याच्या नळीचे तोंड फाकवण्याचे साधन असते.

एक उदाहरण सविस्तर पाहण्याजोगे आहे, कारण त्यात हमखास फसगत होते. सी-क्लॅम्पसारखी मोठी कमान, तिच्या एका टोकाला लहान गोल टेकू आणि दुसऱ्या टोकाला सपाट जबड्याऐवजी खिडकीसारखी उघडी कडी, असे साधन दिसले की जबड्याचा तुकडा पडला आहे, असा ग्रह होतो. परंतु त्या उघड्या भागाच्या कडा पाहाव्यात: तुटलेले बीड, म्हणजे ओतीव लोखंड, दाणेदार आणि खडबडीत दिसते, तर येथे कडा घासून साफ केलेल्या असतात, म्हणजेच ती मोकळी जागा मुद्दाम ठेवलेली आहे. हे साधन इंजिनाच्या व्हॉल्व्हची स्प्रिंग दाबण्यासाठी असते; टेकू व्हॉल्व्हच्या तोंडावर बसतो, कडी स्प्रिंगवरची टोपी खाली दाबते, आणि टोपी अडकवून ठेवणारे दोन छोटे अर्धगोल लॉक त्या खिडकीतून काढता येतात. जेथे धातू नाही तेथेच हात किंवा हत्यार जायचे असते, ही गोष्ट लक्षात ठेवली म्हणजे अनेक विचित्र आकारांचा उलगडा होतो.

यानंतर मळसूत्र, म्हणजे आटे पाडलेला फिरता दांडा, पाहावा. जाड चौकोनी आटे मोठ्या दाबासाठी असतात. दांड्याला तांब्याचा मुलामा असेल, तर क्लॅम्प वेल्डिंगचा आहे, कारण उडालेले वितळलेले थेंब तांब्याला सहजी चिकटत नाहीत. आणि एकाच दांड्यावर अर्धे आटे उजवे व अर्धे डावे असतील, तर दोन जबडे एकाच वेळी जवळ आणायचे होते. मळसूत्र मुळीच नसून केवळ मूठ आणि सांधे असतील, तर तो टॉगल क्लॅम्प होय: मूठ दाबली की आतील सांधे एका रेषेत येऊन किंचित पलीकडे जातात, त्यामुळे हात काढला तरी पकड सुटत नाही, आणि फिक्स्चरवर अशीच झटपट पकड लागते. घडणही बरेच सांगते: बीड ठोक्याने तडकते, म्हणून लोहाराचा व्हाइस, म्हणजे जमिनीपर्यंत लांब पाय असलेला शिकंजा, घडीव असतो आणि हातोड्याचा आघात त्या पायावाटे जमिनीत उतरतो.

लहान बोल्टांचे आटे, आटे मोजण्याच्या दातेरी मापपट्टीने तपासल्यास काळाचाही अंदाज येतो. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये मांडलेल्या इंची आट्यांचा कोन ५५ अंशांचा, तर मेट्रिक आट्यांचा ६० अंशांचा असतो; भारतात १९५६ च्या कायद्यानंतर मेट्रिक मापे टप्प्याटप्प्याने आली, परंतु इंची आटे पुढेही वापरात राहिल्याने हा पुरावा जोडीचा मानावा, एकट्याने निर्णायक मानू नये.

हे सर्व होईपर्यंत गंज खरवडू नये, रंग देऊ नये आणि अडचणीचा वाटणारा कोपरा ग्राइंडरवर उतरवू नये, कारण झिजून चकाकणारी जागा आणि जुन्या रंगाखालचा क्रमांक हेच मुख्य साक्षीदार असतात. तर्क झाला की तसेच साधन अजून वापरात असलेल्या गॅरेजमध्ये किंवा सुताराकडे जाऊन तो विनयाने पडताळावा. मग हलक्या दाबाने प्रयोग करावा. तडा दिसला किंवा वस्तू तिरकी धरली गेली, तर तर्क सोडून द्यावा, अधिक जोर लावून तो खरा करू पाहू नये. ओळख पटल्यावर साधनाला चिठ्ठी बांधून त्यावर उपयोग आणि तो कशावरून ठरवला हे दोन्ही लिहावे, म्हणजे पुढे ते ज्याच्या हाती जाईल त्याला ते कारण स्वतः तपासता येईल.