रुग्णालयातील प्रशासकीय पद आणि मुलाखत

रुग्णालय म्हटले की डॉक्टर आणि परिचारिका डोळ्यांसमोर येतात. परंतु मोठ्या रुग्णालयात नोंदणी, प्रवेश, बिलिंग, विमा, मेडिकल रेकॉर्ड, भांडार अशा विभागांतही कितीतरी कर्मचारी काम करीत असतात आणि त्यांतील बहुतेक पदांना विज्ञान शाखेची पदवी लागत नाही. कला व वाणिज्य शाखांच्या आपल्या माजी विद्यार्थ्यांनी या क्षेत्राकडे पाहावे, म्हणून हा लेख. केंद्र शासनाने १ जानेवारी २०१६ पासून आपल्या कनिष्ठ पदांच्या मुलाखती बंद केल्या. खासगी व धर्मादाय रुग्णालयांत मात्र आजही मुलाखतच निर्णायक ठरते.

मूळ कागदपत्रे क्रमाने लावणे, स्वच्छ पोशाख, वेळेआधी पोहोचणे यांविषयी निराळे सांगावयास नको. वसतिगृहात पहाटेच्या घंटेला उठलेल्यांना तर नकोच. अडचण पुढे येते.

माझी पहिली मुलाखत एका धर्मादाय रुग्णालयात झाली. प्रश्न असा होता : "रुग्णाला डिस्चार्ज मिळाला आहे, नातेवाइकांजवळ बिलाचे पैसे नाहीत, ते तुमच्या खिडकीसमोर रडत आहेत. तुम्ही काय कराल?" मी म्हणालो, "सर, मी स्वतः गरिबी पाहिली आहे. मी बिल माफ करीन." समितीतील एका बाईंनी शांतपणे विचारले, "कोणत्या अधिकाराने?" मला उत्तर सुचले नाही. निवडही झाली नाही.

उत्तर होते, मला ते ठाऊक नव्हते. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार राज्यातील धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवावयाच्या असतात. बिलांच्या एकूण रकमेच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. उत्पन्नाचा दाखला वा शिधापत्रिका घेऊन नातेवाइकांना वैद्यकीय समाजसेवकाकडे नेणे, हे लिपिकाचे काम. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत समाविष्ट असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. परंतु नियोजित उपचारांना त्या योजनेची पूर्वमंजुरी आधी घ्यावी लागते. म्हणजे डिस्चार्जच्या दिवशी रडणाऱ्या माणसाला प्रवेशाच्याच दिवशी कोणीतरी विचारावयास हवे होते. आज मी मुलाखत घेणाऱ्यांत बसतो आणि तोच प्रश्न विचारतो. "मी प्रवेशाच्या वेळीच चौकशी करीन," असे म्हणणारा उमेदवार विरळाच भेटतो.

दुसरा प्रश्न आपल्या समाजातील मुलांना अधिक अवघड जातो. वस्तीतील एखादे काका फोन करून विचारतात, "अमक्याला काय झालंय रे? तू तिथंच आहेस ना?" नाही म्हणणे जिवावर येते. तरीही नाहीच म्हणावे लागते. रुग्णाची माहिती ही रुग्णाची असते. एचआयव्हीबाधित व्यक्तीच्या बाबतीत तर २०१७ च्या कायद्याने गोपनीयतेचे बंधन स्पष्टपणे घातले आहे. उलट, दाखल झालेल्या रुग्णाने स्वतः आपल्या नोंदींची प्रत मागितली, तर ती ७२ तासांत द्यावी, असा वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांतील नियम आहे. हे दोन्ही नियम एकत्र सांगणारा उमेदवार समितीच्या लक्षात राहतो.

इंग्रजीची भीती पालक अकारण वाढवतात, असे माझे मत आहे. संगणक आणि इंग्रजी अर्ज वाचता आले पाहिजेत, हे खरे. पण खिडकीपाशी येणारा माणूस मराठीत, हिंदीत बोलतो आणि पुष्कळदा घाबरलेला असतो.

वसतिगृहातील मुले "आम्ही" फार म्हणतात : आम्ही कार्यक्रम केला, आम्ही स्वच्छता केली. समितीला "तू काय केलेस?" हे हवे असते. गेल्या वर्षी विदर्भातून आलेली एक मुलगी अर्धा तास असेच बोलत राहिली. उठता उठता तिने सहज सांगितले की, वसतिगृहाच्या कोठीघराची नोंदवही ती वर्षभर लिहीत होती आणि एकदा चार किलो तूरडाळ कमी भरल्याचे तिनेच अधीक्षकांच्या निदर्शनास आणले होते. आम्ही तिला पुन्हा बसविले. नोंद कशी केली, कोणाची सही घेतली, तफावत कशी लिहिली, हे तिने न अडखळता सांगितले. भांडार विभागात तिची नेमणूक झाली. वेतन, पाळी, साप्ताहिक सुट्टी आणि रात्री घरी जाण्याची सोय, हे सारे तिने सही करण्यापूर्वी विचारून घेतले.