गिऱ्हाइकाचा नंबर ही अमानत
धंद्याचे एसएमएस पाठवताना पाळायचे नियम

व्यापारी बंधूंनो, ईद जवळ आली की कडेगाव-विट्याच्या बाजारपेठेत आपल्यापैकी बरेच जण दुकानाच्या मोबाईलवरून शे-दोनशे गिऱ्हाइकांना 'नवा माल आला' असा एसएमएस धाडतात. यात नियमभंग होतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे 'ट्राय'च्या २०१८ च्या नियमांनुसार साध्या दहा अंकी नंबरावरून जाहिरात करता येत नाही. फेब्रुवारी २०२५ च्या दुरुस्तीनंतर दहा दिवसांत पाच तक्रारी आल्या तरी कारवाई सुरू होते. दोष ठरल्यास पहिल्या वेळी १५ दिवस फोन व संदेश जाणे बंद. पुन्हा घडल्यास वर्षभरासाठी नंबर तोडला जातो. उधारी, मागणी, मालाची चौकशी ज्या नंबरावर चालते तोच गेला, तर दुकान मुके होते.

सरळ मार्ग असा आहे :

१) नोंदणी : एअरटेल, जिओ, व्हीआय, बीएसएनएल यांपैकी एका कंपनीच्या 'डीएलटी' पोर्टलवर पॅन व व्यवसायाची कागदपत्रे देऊन नोंद करावी. संदेश एजन्सीमार्फत पाठवले, तरी नोंदणी आपल्याच दुकानाची हवी.

२) हेडर : पाठवणाऱ्याची ओळख म्हणून दिसणारे हे नाव मंजूर करून घ्यावे. जाहिरातीच्या हेडरअखेर 'पी' व सेवेच्या हेडरअखेर 'एस' हे अक्षर येते.

३) मजकूर : नमुना आधी मंजूर हवा, त्याच्याशी न जुळणारा संदेश अडतो. ८ मार्च २०२१ रोजी ही तपासणी सुरू झाली, तेव्हा बँकांचे ओटीपीही अडकले आणि ती सात दिवस थांबवावी लागली. 'आपली शेरवानी शिवून तयार आहे' ही सेवा. त्याला 'कापडावर सवलत' जोडले की जाहिरात झाली. १ ऑक्टोबर २०२४ पासून नोंद नसलेली लिंकही चालत नाही.

४) इजाजत : ज्याने १९०९ वर 'जाहिरात नको' अशी नोंद केली आहे, त्याला त्याच्या नोंदलेल्या संमतीवाचून जाहिरात पाठवता येत नाही.

५) वेळ : जाहिरात सकाळी १० ते रात्री ९ याच वेळेत. चांदरातीला दुकान उशिरापर्यंत उघडे असले, तरी संदेश दिवसाच पाठवावा.

खर्च व खटाटोप आहे, हे आम्ही नाकारत नाही. परंतु दुसऱ्याच्या घरात इजाजतीवाचून शिरू नये, हा सूरह नूरमधील हुकूम आपण लहानपणापासून जाणतो. गिऱ्हाइकाने बिलासाठी दिलेला नंबर ही अमानत आहे. त्याच्या खिशातल्या फोनचा दरवाजाही विचारूनच ठोठवावा.