एका खेपेचे पाच फोन

पोरी, कळंबोलीच्या स्टील मार्केटमधल्या गाड्यांसाठी ॲप करायचं तू ठरवलंस हे कळलं आणि मामाला फार बरं वाटलं. तुझी यादीही वाचली: लॉगिन, प्रोफाइल, चॅट, नकाशा, वॉलेट, स्टार, नोटिफिकेशन, डार्क मोड. अक्षर छान आहे. पण ही यादी दुसऱ्यांची ॲपं बघून केलीस, हे पहिल्या ओळीतच दिसलं. ट्रान्सपोर्टच्या धंद्यात माझे केस पांढरे झालेत, म्हणून थोडं सांगतो. पटेल ते घे.

1. यादी मिटून ठेव आणि एखाद्या गाळ्यावर बसून एका खेपेसाठी कोणकोणते फोन होतात ते लिहून काढ – गाडी आहे का, माल किती टन, गाडी कुठं पोचली, पोच मिळाली का, पैसे कधी. या पाच फोनांतच तुझं अख्खं ॲप आहे. जी सोय यातला एकही फोन वाचवत नाही, ती दुसऱ्या वहीत लिही आणि वही कपाटात ठेव.

2. मत विचारायचं तर मैत्रिणींना विचारू नकोस, मुनीमाला विचार – मैत्रिणींना तुझं सगळंच आवडतं. अडलेल्याला विचारावं, रिकाम्याचं नुसतं ऐकावं.

3. फोन कुणाच्या हातात आहे ते प्रत्येक स्क्रीनच्या डोक्यावर लिही: मुनीम, ट्रान्सपोर्टवाला की ड्रायव्हर – तिघांचं काम वेगळं आहे. ड्रायव्हरच्या वाट्याला दोन मोठी बटणं पुरे, 'निघालो' आणि 'पोचलो'.

4. गाडीची ओळख नंबरावरून ठेव आणि ड्रायव्हरची मोबाईलवरून, दोन्ही एकत्र बांधू नकोस – आपल्या पनवेलची एमएच 46 पाटी तीच राहते, ड्रायव्हर मात्र बदलतो.

5. दारातच नाव, ईमेल, जन्मतारीख, फोटो मागू नकोस. गाड्या आणि भाडी आधी दिसू देत, भाडं पक्कं करताना मोबाईल नंबर माग – तोवर त्याला ॲपचा उपयोग कळलेला असतो. दार बुटकं, तर पाहुणे थोडके.

6. ओटीपी एसएमएसनं पाठवणार असशील तर त्या मजकुराची मोबाईल कंपन्यांच्या डीएलटी पोर्टलवर नोंद आधीच करून घे – नोंद नसलेला व्यावसायिक एसएमएस मोबाईल कंपनी अडवते, आणि तू रात्रभर स्वतःच्या कोडात चूक शोधत बसशील.

7. ओटीपी आपोआप भरण्यासाठी सगळे एसएमएस वाचायची परवानगी मागू नकोस – तो एकच संदेश उचलायची सोय अँड्रॉइडमध्ये परवानगीशिवाय मिळते. ज्या फोनवर बँकेचे संदेश येतात, त्यात डोकावणाऱ्या ॲपवर कोण विश्वास ठेवील?

आता नेटबद्दल, आणि इथं मी जरा रेंगाळणार आहे. मुंबईच्या कर्नाक बंदर भागातला लोखंडबाजार हलवायचा म्हणून सिडकोनं कळंबोलीत हा बाजार वसवला. गाळ्यांवर पत्रे, आत कॉइल, प्लेट आणि सळईचे ढीग. शेडच्या आत शिरलं की सिग्नलचा भरवसा नाही. गाडी इथून मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाला लागली की भाताणचा बोगदा, पुढे खंडाळ्याचा घाट, तिथंही तेच.

8. ड्रायव्हरनं बटण दाबलं की नोंद आधी फोनमध्येच साठव, नेट आलं की वर पाठव – गोल फिरणारं चक्र बघत थांबायला त्याला वेळ नसतो. नोंदीबरोबर बटण दाबल्याची वेळ जाऊ दे, नोंद वर पोचल्याची नको. हॉल्टिंगचं, म्हणजे गाडी थांबवून ठेवल्याच्या पैशांचं, भांडण या दोन वेळांच्या फरकावरच पेटतं.

9. या बाबतीत सचिन टेके यांचं एम-इंडिकेटर नीट अभ्यास – 2010 साली आलेल्या त्या ॲपनं लोकलचं वेळापत्रक फोनमध्येच ठेवलं, नेट नसतानाही ते उघडायचं, आणि प्लॅटफॉर्मवर धावणाऱ्या माणसाला तेवढंच हवं होतं. बाकीच्या सोयी त्यात नंतर येत गेल्या.

10. लोकेशन मागण्याआधी स्वतःला विचार, ते नसलं तर काय अडतं – रेल्वेच्या यूटीएस ॲपला ते खरंच लागायचं, कारण टीसी समोर दिसल्यावर कुणी गाडीतूनच तिकीट काढू नये. तुझं काम मात्र 'निघालो' आणि 'पोचलो' या दोन क्षणांच्या लोकेशनवर भागतं.

11. दिवसभर मागावर राहणारं लोकेशन पहिल्या आवृत्तीत घेऊच नकोस – बॅटरी संपते, ड्रायव्हर पाळतीला वैतागून ॲप काढून टाकतो, आणि ॲप बंद असतानाही लोकेशन घ्यायचं तर गूगल प्ले त्याचं कारण वेगळं मागून तपासतं. मालक आग्रह धरतील. पण गाडी चालवणारा माणूसच रुसला, तर मालकाला तरी काय दाखवशील?

12. चॅट करू नकोस, फोनचं बटण दे – व्हॉट्सॲप सगळ्यांकडे आहे आणि स्टीअरिंगवर बसून कुणी टाइप करू नये. नंबर डायलरमध्ये उघडून द्यायला परवानगी लागत नाही, थेट कॉल लावायला लागते, पहिलंच कर.

13. वजनाचा रकाना भरल्याशिवाय भाडं पुढे सरकू देऊ नकोस – मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर जादा मालाला 20,000 रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000 रुपये. बोललेलं वजन वाऱ्यावर, लिहिलेलं काट्यावर.

14. काट्याची पावती आणि सही-शिक्क्याची पोच यांचे फोटो घ्यायची सोय पहिल्या दिवसापासून हवी – भाड्याचे राहिलेले पैसे पोचेवरच सुटतात. गॅलरी पूर्ण उघडी मागू नकोस. निवडलेला एकच फोटो घेता येतो.

15. मालासोबत लागणारं जीएसटीचं ई-वे बिल काढून द्यायच्या भानगडीत पडू नकोस, नंबर आणि मुदत एवढंच नोंदव – मुनीम ते पोर्टलवर रोज काढतो, त्याचा हात बसलेला आहे.

16. पण मुदतीची आठवण मात्र नक्की दे, आणि तुझ्या ॲपचं सगळ्यात महत्त्वाचं नोटिफिकेशन तेच असू दे – साध्या मालाला दर 200 किलोमीटरला एक दिवस मिळतो, मापाबाहेरच्या मालाला 20 किलोमीटरला एक, आणि मुदत वाढवायची तर ती संपण्याच्या 8 तास आधीपासून 8 तास नंतरपर्यंतच. घाटात गाडी बंद पडलेल्या ड्रायव्हरला हा हिशेब आठवत नसतो, पोरी. तिथं तू त्याच्या कामी येशील.

17. बाकी नोटिफिकेशन आवर: भाडं पक्कं झालं, माल पोचला, पैसे आले, बस्स – 'शुभ सकाळ' पाठवलीस की माणूस आवाज बंद करतो आणि मुदतीची आठवणही त्यातच बुडते. अँड्रॉइड 13 पासून नोटिफिकेशनला त्यानं आधी हो म्हणावं लागतं, म्हणून पहिलं भाडं पक्कं झाल्यावरच विचार. सारखी वाजणारी घंटा देवही ऐकत नाही.

18. वॉलेट नको, यूपीआयला जोड – एकाचे पैसे साठवून दुसऱ्याला देत बसायचं तर रिझर्व्ह बँकेची परवानगी लागते. तुझ्याकडे फक्त कुणी, कुणाला, किती आणि कधी एवढी नोंद राहू दे.

19. आधार कार्डाचा फोटो मागू नकोस, कुणी आपणहून दिला तरी ठेवू नकोस – 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात माहितीची नीट राखण केली नाही तर 250 कोटींपर्यंत दंड आहे. परक्याची किल्ली खिशात, तर चोरीचा आळही गळ्यात.

20. खातं कायमचं काढून टाकायचं बटण ॲपमध्येच दे – खातं उघडू देणाऱ्या ॲपला ॲपलनं 2022 पासून ते बंधनकारक केलंय आणि गूगलही मागतं. जाणाऱ्याला सहज जाऊ दिलंस तर तो परत येतो.

21. पहिल्याच स्क्रीनवर मराठी आणि हिंदी – माल इथला असला तरी ड्रायव्हर उत्तर प्रदेश, राजस्थान, पंजाब, कुठलाही असतो. शब्द बाजारातलेच ठेव: भाडं, बिल्टी, काटा, पोच. 'मालवाहतूक विनंती' असं लिहिलंस तर मुनीम मलाच फोन करून अर्थ विचारेल.

22. स्टार नंतर – चार खेपांवर कुणाच्या नावापुढे दोन स्टार लागले, तर त्या गरिबाच्या पोटावर पाय येतो. डार्क मोड फोनच्या सेटिंगप्रमाणे होऊ दे. सुरुवातीचं नाचणारं चित्र काढून टाक, त्यावर बोलण्यात वेळ घालवत नाही.

23. प्रत्येक नव्या सोयीपुढे तारीख आणि ती मागणाऱ्याचा धंदा लिहून ठेव – तीन वेगळ्या गाळ्यांवरून तीच मागणी आली की कपाटातली वही उघड. एकट्या मोठ्या गिऱ्हाइकानं मागितलं म्हणून धावू नकोस.

24. प्ले स्टोअरवर नवं वैयक्तिक खातं असेल तर ॲप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी किमान 12 जणांनी सलग 14 दिवस ते चाचणीत ठेवावं लागतं – ही अट आहे म्हणून घरातले बारा फोन गोळा करू नकोस. आठ ड्रायव्हर, तीन मुनीम आणि काट्यावरचा एक माणूस घे. मुनीम मी बोलून ठेवतो. ड्रायव्हर तू शोध, ट्रक टर्मिनलवर संध्याकाळी जा. गाडी लागलेली असते, माणूस मोकळा असतो, आणि चहाचे पैसे तू दे.